थोरलीचे सारस

इस्पितळात तिला एक्स-रेवाल्या ताई म्हणत आणि घरात थोरली. खरं तर ती लग्न होऊन आली तेव्हा घरात दुसरी सून नव्हती. धाकटा दीर अजून शाळेत जात होता. पण सासूबाई लांबचं बघणाऱ्या. "ही आमची थोरली," असं त्यांनी पहिल्याच दिवशी शेजारणीला सांगून टाकलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं थोरली एकटीच थोरली होती.

तिचं काम तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत. आलेल्या माणसाला गार फळीसमोर उभं करायचं, हनुवटी वर, खांदे पुढे, आणि आपण जाड काचेमागे जाऊन सांगायचं, "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. हं, सोडा." तिची फिल्म पुसट आली म्हणून पुन्हा काढावी लागली, असं सहसा व्हायचं नाही. त्या कामात शिशाचा जड अंगरखा वापरून वापरून तिची पाठ मात्र गेली. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, "ताई, चाला. दुसरं औषध नाही."

म्हणून ती चालायला लागली. वस्ती संपते तिथून एक कच्चा रस्ता उथळ, दलदलीच्या तळ्याकडे जायचा. तळ्याच्या काठी एक बंद पडलेलं पंपघर होतं. एका सकाळी ती दम खायला तिथे टेकली, आणि समोर पाण्यात माणसाएवढे उंच दोन करडे पक्षी उभे असलेले तिला दिसले. डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक. एकाने चोच आभाळाकडे करून अशी हाक दिली की थोरली दचकून उठली. दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं. सारसाची जोडी होती ती. थोरली पाठदुखी विसरली. घरी येऊन तिने नवऱ्याला हे सांगितलं. थोरल्याला पक्ष्यांचे दोनच प्रकार माहीत होते, कावळा आणि इतर. तो म्हणाला, "बरं झालं, चालायला निमित्त मिळालं."

निमित्त वाढत गेलं. आधी दुर्बीण आली, मग एक कॅमेरा, मग लांब लेन्सचा दुसरा कॅमेरा. खंड्या, पाणकावळे, शराटी, जांभळ्या पाणकोंबड्या सगळ्यांचे तिने फोटो काढले, पण जीव जडला तो सारसांवर. गावातल्या पक्षीमित्र मंडळात ती सामील झाली. मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्या गळ्यातून दुर्बीण कधी उतरत नसे, म्हणून सगळे त्यांना दुर्बीणकाका म्हणत. नव्या लोकांना तळ्यावर न्यायचं काम त्यांनी थोरलीकडे सोपवलं. तिथे तिचा नियम कडक. पंपघराच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. एकदा एक हौशी दातांचा डॉक्टर चार पावलं पुढे गेला, तर तिने त्याला सगळ्यांदेखत असा झापला की बिचाऱ्याने मंडळच सोडलं.

आणि मग धाकटी आली.

धाकटा दीर जहाजावर नोकरीला. लग्न करून, बायकोला वरच्या मजल्यावर ठेवून तो महिनोन्‌महिने समुद्रावर जाई. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट ठेवून दोन पावलं मागे सरायची, मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, "यात तुम्ही रागावल्यासारखे दिसता. ही घालून बघा." लोक हसत हसत दोन-दोन चष्मे घेऊन जात. घरातही तेच. जिच्या तोंडून थोरलीने इतक्या वर्षांत "बरं झालंय" यापलीकडे कौतुकाचा शब्द ऐकला नव्हता, ती सासू धाकटीच्या बडबडीला खळखळून हसायची. थोरलीला हे दिसत होतं. पण ती मनाशी म्हणे, असू दे, नवी नवलाई आहे, आणि आपल्याकडे तळं आहे.

एका शनिवारी सासूबाईच म्हणाल्या, "उद्या हिलाही ने की गं तुझ्या त्या बगळ्यांकडे. एकटी वर बसून करते काय?"

"सारस, आई. बगळे नव्हेत."

"तेच ते. लांब पायांचे."

थोरली तिला घेऊन गेली. नुसतं बसून कंटाळेल म्हणून आपला जुना कॅमेरा तिच्या हातात दिला. हा मनाचा मोठेपणा होता, आणि तो तिला परवडत होता, कारण तिच्याकडे नवा होता. तिने धाकटीला सगळं नीट शिकवलं. फोकस नेहमी डोळ्यावर. मध्ये गवत येऊ द्यायचं नाही. घाई करायची नाही. धाकटी "हो वहिनी, हो वहिनी" करत ऐकायची आणि पुढच्याच क्षणाला टिटवी ओरडली की लेन्स तिकडे फिरवायची. थोरलीला तिचं हसू यायचं. किती तरी रविवार असे मजेत गेले. खोटं कशाला बोला, थोरलीला ती सोबत आवडायलाही लागली होती.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात भरायचं. दाराच्या बरोबर समोरची भिंत मानाची. आत येणाऱ्याची नजर आधी तिथे जायची. थोरलीचे फोटो दरवर्षी लागत, पण डाव्या बाजूच्या भिंतीवर, पंख्याच्या बटणांच्या जवळ. यंदा तिने सारसाचा एक फोटो दिला होता, पीस न पीस मोजून घ्यावं इतका स्वच्छ. समोरची भिंत यंदा आपली, याबद्दल तिला शंका नव्हती.

ती आत शिरली आणि समोरच्या भिंतीवर धाकटीचा फोटो होता.

दोन सारस नाचत होते. एक हवेत, पाय लोंबते, पंख पसरलेले. दुसरा खाली वाकलेला. अर्धा फोटो पुढच्या गवताच्या पात्यांनी पुसट झालेला. थोरलीने शिकवलेलं सगळं त्यात चुकलं होतं. आणि तरीही तो बघताना त्या पक्ष्याबरोबर आपलेही पाय जमिनीवरून सुटतात की काय, असं वाटत होतं. थोरलीलाही वाटलं. तेच तर दुखणं होतं. फोटो वाईट असता तर ती दुर्बीणकाकांना दोष देऊन मोकळी झाली असती.

दुर्बीणकाका हात चोळत आले. "काय फोटो आहे हो तुमच्या जावेचा! गवतात लपून आपणच बघतोय जणू. आणि तुमचाही सुरेख. अगदी एक्स-रेसारखा स्वच्छ."

त्यांनी हे कौतुकाने म्हटलं होतं. थोरली हसली, थँक्यू म्हणाली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटी लोकांच्या घोळक्यात उभी होती. "अहो, सगळं वहिनींनी शिकवलं. कॅमेरासुद्धा त्यांचाच," असं ती प्रत्येकाला सांगत होती. तिच्या त्या सांगण्याने आगीत तेलच पडत होतं. एक बाई तर थोरलीकडे वळून म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तुम्हीही काढता का फोटो?"

घरी सासूबाईंनी दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्या खिळ्यावर धाकटीचा फोटो टांगला. थोरलीचा एक पाणकावळा गेली कैक वर्षं न्हाणीघराच्या बोळात लटकत होता. आता वेळ बघायची तर स्वयंपाकघरात जावं लागे, आणि जाता-येता नाचणारे सारस बघावे लागत. चहा पिताना सारस, टीव्ही बघताना सारस. थोरल्याने एकदा वर बघून म्हटलं, "छान उडालाय नाही?" त्या दिवशी त्याच्या डब्यात भाजीला मीठ पडलं नाही.

थोरलीला स्वतःचीच कमाल वाटायची. एवढी शहाणीसुरती बाई, आणि जिन्यावर धाकटीच्या सपाता वाजल्या तरी ती टीव्हीचा आवाज मोठा करायची. धाकटी शिंकली तरी ती गोड शिंकते असं वाटायचं. माझं तळं, माझा कॅमेरा, माझे सारस. आणि ही आयत्या बिळावरची नागीण. असं मनात आलं की तिला लाज वाटायची, पण विचार काही जायचा नाही.

तळ्याला पाणी चढलं त्या दिवसांत थोरली एकटीच गेली असताना तिला घरटं दिसलं. लव्हाळ्याच्या पलीकडे, गुडघाभर पाण्यात गवताचा मोठा ढीग, आणि त्यावर मादी बसलेली. पंपघराच्या खिडकीतून फक्त लाल डोकं दिसत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जोडीने इतक्या जवळ घरटं केलं होतं. कुणाला सांगू आणि कुणाला नको असं तिला झालं. मग ती घरी आली आणि तिने कुणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी भांडी विसळताना धाकटीने विचारलं, "वहिनी, दिसले का हो सारस?"

"नाही गं. त्या टोकाला गेले असतील. जुन्या वीटभट्टीकडे बघ."

किती सहज आलं ते तोंडातून! पुढच्या रविवारी धाकटी बिचारी वीटभट्टीकडे गेली. कमरेपर्यंत चिखल माखून परत आली, आणि पडवीतच ओरडली, "वहिनी, सारस नाहीत, पण हे बघा!" कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुगरणीचा नर नुसती चौकट विणलेल्या घरट्याला उलटा लोंबकळून मादीकडे बघत होता. फोटो असा काही आला होता की सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा बघितला. "मेला किती आर्जव करतोय," म्हणाल्या, आणि दुसऱ्या खिळ्याची जागा शोधायला लागल्या.

करायला गेले काय आणि झालं काय! थोरली त्या रात्री नीट जेवलीही नाही.

त्यानंतरच्या सकाळी ती तळ्यावर गेली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. घरट्यावरच्या सारसाचा फोटो. समोरच्या भिंतीचा फोटो. पंपघराच्या खिडकीतून तो येण्यासारखा नव्हता. नर दूर चरायला गेला होता. थोरली थोडा वेळ खिडकीशी बसली, मग उठली, चपला काढल्या, आणि पंपघराच्या पुढे पाण्यात पाय टाकला.

लव्हाळं हाताने बाजूला सारत ती पुढे गेली. अजून जरा. अजून थोडं. मादीने मान ताठ केली. थोरली थांबली, मग पुन्हा पुढे झाली. आणि एकदम मादी घरट्यावरून उठली. तिने दोन्ही पंख पूर्ण उघडले, मान खाली घातली, आणि ती थोरलीच्या रोखाने चालत आली. सूर्य तिच्या मागे होता. एकेक पीस पेटल्यासारखं दिसत होतं. थोरलीने श्वास धरला आणि बटण दाबून ठेवलं. आपण आयुष्यातला सगळ्यात मोठा फोटो काढतोय, हे तिला त्या क्षणी कळत होतं.

तिने कॅमेरा खाली घेतला तेव्हा घरट्यावर कावळा बसलेला होता.

ती ओरडली. हात हलवत धावायला गेली, तर चिखलात पाय रुतला आणि ती गुडघ्यावर पडली. मादी मागे वळली, कावळ्यावर धावून गेली. तो उडाला, पण दोनातलं एक अंडं फोडून. लांबवरून नराची हाक आली. थोरली कशीबशी उठून मागे सरली, पंपघरात येऊन भिंतीला टेकली. किती वेळाने कोण जाणे, मादी परत घरट्यावर बसली. बसण्याआधी तिने चोचीने खाली काहीतरी सरळ केलं. म्हणजे एक अंडं तरी उरलं होतं.

घरी येऊन तिने फोटो संगणकावर उघडले. त्यातला एक असा होता की बोलायची सोय नाही. सासूबाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. कप तसाच हातात धरून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "थोरले, हा तू काढलास? याला म्हणतात फोटो!"

ज्या शब्दांसाठी जन्म गेला ते आज आले, आणि तिला ते गिळता येईनात. सासूबाईंनी तेवढ्यावर न थांबता दुर्बीणकाकांना फोन करून बातमीही देऊन टाकली. मग जिन्याशी जाऊन हाक मारली, "धाकटे, खाली ये, बघ तुझ्या वहिनीने काय काढलंय!"

धाकटी आली. वाकून बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. सासूबाई कप ठेवायला आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "वहिनी, ही घरट्यावरून उठलीय ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं. पंख असे पसरून समोर चालत आली, तर समजायचं मागे घरटं आहे आणि आपण फार जवळ आलोय." तिने थोरलीकडे बघितलं. "अंडी होती?"

"होती!" थोरलीचा आवाज चढला. "दोन होती. एक कावळ्याने फोडलं. झालं तुझं समाधान? सगळं तुलाच का मिळावं गं? भिंत तुझी, खिळा तुझा, लोक तुझे. मी वर्षानुवर्षं तिथे पाठ मोडून घेतली, आणि तू नाचत आलीस आणि..."

"आणि मला वीटभट्टीकडे पाठवलंत," धाकटी म्हणाली. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. "तेव्हा घरटं तुम्हाला माहीत होतं."

थोरलीने संगणकाचा पडदा बंद केला.

"मला वाटत होतं, तुम्ही मला शिकवताय," एवढं बोलून धाकटी जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुना कॅमेरा ठेवलेला होता. पुसून लख्ख केलेला, पट्टा नीट गुंडाळलेला. सासूबाईंनी कॅमेऱ्याकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं नाही.

दुर्बीणकाका संध्याकाळी स्वतः आले. फोटो बघायची त्यांना घाई झाली होती. "दाखवा, दाखवा. आई म्हणाल्या, समोरची भिंत रिकामी ठेवा म्हणून!"

थोरलीने त्यांना दिवाणखान्यात बसवलं. एक मन म्हणत होतं, काकांची नजर आता अधू झालीय, त्यांना कळायचं नाही. पण घरात कुणीतरी होतं ज्याला कळलं होतं. ती म्हणाली, "काका, तो फोटो लावायचा नाही. मी पंपघराच्या पुढे गेले होते. घरट्यापर्यंत. एक अंडं गेलं माझ्यामुळे."

दुर्बीणकाकांनी गळ्यातली दुर्बीण उगाच हातात घेतली आणि सोडली. "तुम्ही?" ते म्हणाले. मग उठत, "ताई, यंदा नव्या लोकांना तळ्यावर तुम्ही नेऊ नका. मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो." चहा न घेताच ते गेले. दाराशी त्यांनी भिंतीवरच्या नाचणाऱ्या सारसांकडे एकदा बघितलं, आणि एवढ्या शरमेतसुद्धा थोरलीला ते बघणं झोंबलं. आता समोरची भिंत पुन्हा हिचीच, असं मनात आलंच. माणसाचं मन म्हणजे अजब चीज.

पुढचे काही दिवस असेच गेले. दोघी जावा एकाच मोरीवर भांडी घासायच्या आणि "ते पातेलं दे" आणि "हं" यापलीकडे शब्द नाही. धाकटीची बडबड बंद झाली तशी घराची रयाच गेली. आपल्याला हेच तर हवं होतं, असं थोरलीला वाटायचं, आणि ते मिळाल्यावर काडीचंही सुख नव्हतं.

रविवारी ती तळ्यावर जायची, पण कॅमेरा न घेता. पंपघराच्या खिडकीशी बसून ते लाल डोकं बघायची. कधी मादी, कधी नर. दोघं आळीपाळीने बसत. एक आला की दुसरा उठे, आणि दोघं क्षणभर समोरासमोर उभे राहत, जणू आत काय चाललंय ते एकमेकांना सांगताहेत. कावळा जवळून गेला की थोरली अर्धवट उठे. तिने कुणापुढे हात जोडले नाहीत, पण मनात सारखं एकच होतं, एवढं एक वाचू दे.

मग एका सकाळी घरट्यावर कुणी बसलेलं नव्हतं. ती घाबरून उभी राहिली. तेवढ्यात लव्हाळ्यातून मादी बाहेर आली, पाय उचलून, जपून, एकेक पाऊल टाकत. तिच्या पायांशी तांबूस, लवदार, ओला झालेला एक गोळा धडपडत होता. पाण्यात बुडतो की काय असा वाकडातिकडा, पण चालत होता. नराने चोचीतून काहीतरी त्याच्यापुढे धरलं. ते पडलं. पुन्हा धरलं.

थोरलीला रडू फुटलं. आणि आता हे कुणाला सांगायचं, हा प्रश्न पडला. थोरल्याला सांगितलं तर तो म्हणेल, बरं झालं. सासूबाई म्हणतील, बगळीला पोर झालं वाटतं. हे ज्याला खरोखर कळेल असं सगळ्या गावात एकच माणूस होतं, आणि ते वरच्या मजल्यावर राहत होतं.

घरी येऊन ती जिना चढली. दार उघडंच होतं. धाकटी खिडकीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरली उंबऱ्यातच उभी राहिली.

"पिल्लू बाहेर आलंय," ती म्हणाली.

धाकटीचे हात थांबले. "चालतंय?"

"पडत पडत."

"आणि दोघं?"

"दोघंही आहेत. बाप भरवतोय त्याला." थोरलीने पदराने नाक पुसलं. "मी तुझ्याशी खोटं बोलले. ते चुकलंच माझं. मला हेवा वाटला तुझा. अजून वाटतो. तो काही जायचा नाही इतक्यात. पण पिल्लू तुला दाखवावंसं वाटलं."

 हातातला सदरा धाकटीने दोनदा उलगडला, दोनदा त्याची घडी घातली. मग म्हणाली, "मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे. राग घेऊन चल. वाटेत बोलायलाच पाहिजे असं काही नाही."

दोघी गेल्या, आणि खरंच वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. पंपघराची खिडकी एवढीशी. दोन लेन्स तिथे मावत नाहीत. थोरलीने जुना कॅमेरा पिशवीतून काढून धाकटीच्या हातात दिला आणि उजेडाची बाजू तिला सोडून आपण मागे सरली. सारस लव्हाळ्याच्या कडेने चरत होते. पिल्लू आईच्या पोटाखाली शिरत होतं, पुन्हा बाहेर येत होतं. धाकटीचा कॅमेरा टक टक वाजायला लागला, आणि प्रत्येक आवाजाबरोबर थोरलीच्या मनात हेव्याची तीच जुनी कळ उठली. आता ती तिला ओळखीची झाली होती.

"दाखव," ती म्हणाली.

धाकटीने कॅमेरा पुढे केला. आईचे दोन उंच पाय, आणि त्यांच्या मधोमध, दारातून डोकावावं तसं पिल्लाचं डोकं. थोरलीने खूप वेळ बघितलं.

"चांगला आलाय," ती म्हणाली. मग राहवेना. "पण डोळ्यावर फोकस नाही. गवतावर गेलाय."

धाकटीने डोळे बारीक करून बघितलं. "खरंच की हो," म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा फस्सकन हसली.

थोरलीला बरं वाटलं. कशामुळे, तिच्या हसण्यामुळे की तिच्या चुकीमुळे, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"पुढे सरा," कॅमेरा तिच्याच हातात ठेवत धाकटी म्हणाली, "आता तुम्ही बसा इथे. मी पिल्लावर नजर ठेवते. पुढे आलं की सांगते."